भुयारतज्ज्ञ

कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर एक वस्ताद, एक फुटबॉलतज्ज्ञ आणि एक भुयारतज्ज्ञ असतोच. पहिल्या दोघांना कधी ना कधी मैदानात उतरावं लागतं. तिसऱ्यावर तशी वेळ येत नाही. वय पन्नाशीच्या पुढं, खिशात घड्या पडून चिरलेला नकाशा आणि "ह्यो विषय बाहेर बोलायचा न्हाई" हे वाक्य पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात. सगळे त्याला आबा म्हणतात.

आबांच्या मते कोल्हापूर भुयारांवर उभं आहे, मधेमधे थोडी जमीन लागते एवढंच. पन्हाळ्याच्या अंधारबावेतून तटाबाहेर निघणारा चोरदरवाजा खरोखरच आहे. त्या एका दरवाज्याच्या भांडवलावर आबांनी जिल्हाभर भुयारं काढली. मग १६६० च्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात डोंगरवाटेनं का गेले, असं कुणी विचारलं, तर उत्तर तयार : "भुयारात खजिना भरलेला हुता. माणसाला जागाच न्हवती!"

सध्या आबा दुसऱ्या महायुद्धात आहेत. १९४३ ते १९४८ वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यांनी आणलेलं सोनं राधानगरीकडच्या बॉक्साइटच्या एका बंद खाणीत पुरलंय, हा आबांचा ताजा शोध. आलेली बहुतेक बायापोरं होती, रशियानं सैबेरियात हाकलून दिलेली, तिथून इराणमार्गे कशीबशी इथवर पोचलेली. त्यांच्याकडं सोनं कुठलं? आबा डोळे बारीक करतात, "एवढ्या लांबनं मोकळ्या हातानं कोण येतंय व्हय?"

मग रोज रात्री मोहीम निघते, कट्ट्यावरूनच. वायरमनकडं उजेडाचं खातं, गुऱ्हाळवाल्याकडं ताकदीचं, निवृत्त तलाठ्याकडं नकाशाचं. पुण्याहून आलेला भाचा बारीक, म्हणून त्याला सगळ्या फटी.

"दार उघडलं. आत अंधार. पाण्याचा आवाज. आता काय करालाईस?" आबा विचारतात.

"मी घरला जातो," वायरमन.

"तसं जमत न्हाई मर्दा! मागं दरड कोसळलीया."

भाचा पुण्यात मित्रांबरोबर फासे टाकून असलेच खेळ खेळतो. तो थक्क होऊन म्हणतो, "मामा, तुम्ही तर जन्मजात गेम मास्टर!" आबांना ती शिवी वाटते.

सोनं दिसायच्या आधीच वाटणीवरून हातघाई होते. तलाठी १८७८ चा कायदा काढतात : दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. "दहा रुपयांत कटवडाबी येत न्हाई," आबा कायदा रद्द करतात.

एका रविवारी मंडळी खरंच त्या खाणीवर गेली. पण इकडचं बॉक्साइट असतं जमिनीच्या वरच्या थरात. त्याची खाण म्हणजे बोगदा नव्हे, उघडा खड्डा. आत पावसाचं पाणी आणि पाण्यात म्हशी. आबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बघितलंस? संशय येऊ नये म्हणून उघडीच ठेवलीया. लई हुशार लोकं!" परतीच्या वाटेवर तांबडा-पांढरा ओरपून मोहीम यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

परवा भाच्यानं मोबाइलवर वाचून सांगितलं, की वळिवड्याची छावणी भरलेली होती त्याच काळात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं. तिथं निघालेला रोमन व्यापाराच्या काळातला समुद्रदेव पोसायडनचा कांस्य पुतळा टाउन हॉलच्या संग्रहालयात ठेवलाय. "मामा, युद्धकाळात वर आलेला खराखुरा खजिना! उद्या बघून येऊ या?"

आबांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "त्यो गावलाय की रं. गावलेल्याला काय शोधायचं?" आणि त्यांनी नकाशा पुन्हा उलगडला. आता पोलंडवाल्यांनी सोनं हलवलं होतं.