शिंपल्याची हजामत

वेंगुर्ल्यात जन्मलेल्या माणसाला शिंपल्यांतलं सगळं कळतं, असा माझा समज आहे. दुसऱ्या कोणाचा नाही. त्यामुळे सिडनीच्या उत्तरेला लेक मॅक्वारीवर सहलीला गेलेलो असताना मंडळींपैकी कोणीतरी काठावर वाहून आलेला काळपट, केसाळ गठ्ठा उचलून "हे काय?" म्हणालं आणि मी घसा खाकरला.

"शिनाणे. वर शेवाळ चढलंय. धुतले की जात सांगतो."

हे तळं खाऱ्या पाण्याचं. स्वान्सीच्या चिंचोळ्या मुखातून समुद्र आत-बाहेर करतो. म्हणजे खाडीच म्हणा ना. खाडीत आमचा हात कोण धरणार?

शिंपले रिकामे होते, वास मात्र भरगच्च. घरी आणून बेसिनमध्ये तारेच्या घासणीने असे घासले की शेवाळाचं नाव राहिलं नाही. (घासणी आता बागेत असते, हा बायकोचा निर्णय.) तुळतुळीत शिंपले ओळीने मांडले आणि पुस्तक उघडलं. मॉडिओलस वंशात शिंपल्याची चोच अगदी टोकाला नसते, जरा मागे असते, असं त्यात लिहिलं होतं. भिंगातून पाहिलं. मला ती दोन्हीकडे दिसली.

शेवटी शिंपल्यांचा अभ्यास असलेल्या एका परिचितांना फोटो पाठवला. लगेच उलट प्रश्न आला, "याचे केस कुठायत?"

ते शेवाळ नव्हतंच. शिंपल्याच्या सगळ्यात बाहेरच्या पातळ सालीला, पेरिऑस्ट्रॅकमला, तो जीव स्वतःच असे राठ केस वाढवतो. माझे शिंपले ट्रायकोमिया हिरसुटा या प्रजातीचे होते, आणि ती ओळखायची सगळ्यात सोपी खूण तीच. मी वर अभिमानाने कळवलं की दाढीही उपटून टाकली आहे. त्यावर समजावणीचा मोठा मेसेज आला: दाढी वेगळी, केस वेगळे. दाढी म्हणजे पायातून निघणारे चिवट धागे; त्यांनी शिंपला खडकाला किंवा शेजाऱ्याला धरून बसतो.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने 1819 मध्ये या प्रजातीला हिरसुटा, म्हणजे 'केसाळ', ठरवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याच्या मुली त्याला वाचून दाखवायच्या, लिहून घ्यायच्या. मला चष्मा आहे, भिंग आहे, फोनला तीन कॅमेरे आहेत.

बेसिनच्या जाळीत थोडे केस अडकलेत. ते पाकिटात घालून पाठवू का, असं मी विचारलंय. मेसेज वाचल्याची खूण दिसते, उत्तर नाही.