बाहेरून जैसे थे

ज्या कामाची व्याख्याच ‘बाहेरून काही बदललेलं दिसता कामा नये’ अशी आहे, त्यासाठी मॅनेजरकडे पंधरा दिवस मागायचे कसे? रिफॅक्टरिंग करणाऱ्यांची ही पंचाईत जुनी आहे. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात या विषयावर पीएचडी केली. १९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांचं पुस्तक आलं. त्यात मॅनेजरला काय सांगावं यावरही मजकूर आहे. त्याला नुसत्या तारखाच दिसत असतील, तर सांगूच नका, असा त्यांचा सल्ला! संसारी माणसाला हा पटकन पटतो.

याच पुस्तकात कोडला येणाऱ्या वासांचं एक प्रकरण आहे. त्याच्या माथ्यावर केंट बेक यांच्या आजीचा, बाळं सांभाळण्याबाबतचा सल्ला आहे: वास आला की बदला. पुढची वर्णनं तर ओळखीच्यांबद्दलच लिहिल्यासारखी. एखादी मेथड स्वतःच्या क्लासकडे ढुंकूनही बघत नाही, सगळा जीव शेजारच्या क्लासच्या डेटावर. ही ‘फीचर एन्व्ही’. वडिलोपार्जित मेथड्स आयत्या मिळाल्या, पण सबक्लासला त्या नकोच आहेत. हा ‘रिफ्यूज्ड बिक्वेस्ट’.

आमच्याकडे आहे तो इन्व्हॉइस मॅनेजर. क्लासच्या नावात ‘मॅनेजर’ दिसलं की सावध व्हावं. सवलत तोच देतो, जीएसटी तोच लावतो, पीडीएफ तोच बनवतो आणि ईमेलही तोच धाडतो. लग्नघरात कोठीच्या किल्ल्या कमरेला खोचून फिरणाऱ्या आत्याबाईच जणू. त्यात मधेच एक ओळ: टाइप ३ असेल आणि स्टेटस ७ नसेल तर. सात म्हणजे काय? लिहिणारा केव्हाच टोरांटोला गेला. वर कॉमेंट आहे, ‘टेम्पररी’.

अशा अटीला आधी बाहेर काढून स्वतंत्र मेथड करायची आणि वाचता येईल असं नाव द्यायचं. ‘जुन्या ग्राहकाला सवलत लागू आहे का’ एवढं कळलं की ती मेथड ग्राहकाच्या क्लासमध्ये हलवायची. प्रत्येक पावलाला टेस्ट चालवायच्या. टेस्ट नसतील तर (मायकेल फेदर्स यांच्या लेखी बिनटेस्टचा तो लेगसी कोड) आधी त्या लिहायच्या. गंमत इथेच आहे. राउंडिंगमध्ये एक पैसा चुकत असेल, तर टेस्टमध्येही तो चुकलेलाच पैसा मांडायचा. कुणी सांगावं, एखाद्या ग्राहकाचा अकाउंटंट त्याच पैशावर ताळा जुळवत असेल! चूक सुधारायची ती नंतर, वेगळ्या कमिटमध्ये.

सफाईचंही वेड लागतं म्हणा. एखादा उत्साही मुलगा उद्या लागेल म्हणून इंटरफेस करून ठेवतो आणि त्यामागे कायम एकच क्लास बसलेला असतो. दोन ओळींचा हिशेब शोधायला सहा फायली उघडाव्या लागल्या, की जुनी तीनशे ओळींची मेथड बरी होती असं वाटायला लागतं. निदान एका जागी तरी होती!

तरीही इन्व्हॉइस मॅनेजर एकदाचा फुटला. टेस्ट हिरव्या, बिलं पूर्वीसारखीच. मग क्लायंटने सवलतीचा नवा प्रकार मागितला. एक क्लास वाढवला, दुपारच्या चहाआधी काम संपलं. मॅनेजर खुशीत म्हणाले, “बघा, एवढं सोपं होतं. आणि तुम्ही उगाच पंधरा दिवस मागत होतात.”