सोलापूर ते कोपनहेगन, व्हाया श्रावण

ऑगस्टच्या अखेरीस आठवडाभर कोपनहेगनला जाणार, असे सोलापुरात जाहीर केले की पहिली हरकत घरातूनच येते आणि ती रास्त असते. मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकलेला असताना गारव्याला जायचे सोडून, पाऊस पडून हवा माणसात आल्यावर लाखो रुपये मोजून थंडीत जाण्यात कुठला शहाणपणा? शिवाय श्रावण. या हरकतीला उत्तर नाही, म्हणून देऊ नये. ‘पोरानं तिकिटं काढलीत’ एवढेच सांगावे. सोलापूरकर कोपनहेगनला पर्यटनासाठी जात नाही. तो मुलाकडे किंवा मुलीकडे जातो. मूल ऑफिसला जाते आणि उरलेल्या वेळात नाइलाजाने पर्यटन घडते. तारखाही मुलांच्याच सोयीच्या असतात. तिथल्या शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडलेल्या असतात, सुट्टीची गर्दी ओसरलेली असते आणि दुपारचे तापमान २०-२१ असते. डॅनिश लोक त्याला उन्हाळा म्हणतात. आपण वाद न घालता स्वेटर घालावा.

व्हिसापासून सुरुवात करू. डेन्मार्क तुम्हाला आयुष्यात जे काही विचारणार आहे, ते सगळे अर्जातच विचारून घेते. कशाला येता, कुठे उतरणार, पैसे कोण देणार, बँकेत किती आहेत, विमा काढला का (किमान ३०,००० युरोचा लागतो), आणि मुख्य म्हणजे परत जाणार ना? या प्रश्नांचा पुष्कळांना राग येतो. तो येऊ देऊ नये. उलट प्रत्येक प्रश्न चवीने वाचावा, सावकाश उत्तर लिहावे, जमल्यास अर्जाची झेरॉक्स जवळ ठेवावी. कारण एकदा विमानातून उतरलात की पुढचा आठवडाभर तुम्हाला कोणीही काहीही विचारणार नाही.

कोपनहेगनच्या सहलीतला खरा धोका हाच आहे. थंडी, महागाई, शाकाहार यांवर तोडगे आहेत. पण घरातून निघून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना ‘कुठं जाऊलालाव?’ हे चारदा ऐकल्याशिवाय ज्याचा पाय पुढे पडत नाही, त्याने अख्खा आठवडा काढायचा कसा? त्याची तयारी निघण्यापूर्वी महिनाभर आधी सुरू करावी. संध्याकाळी पार्क चौकात जाऊन उभे राहावे. ओळखीचा माणूस दिसेल. त्याच्या हातात पिशवी असेल. पिशवीत काय आहे, ते विचारू नये. पहिल्या दिवशी घशाला कोरड पडते, पण आठवड्याभरात सवय होते. पुढची पायरी नवी पेठेत : दुकानात शिरावे, किंमत वाचावी, ‘शेवटचं किती?’ असे न विचारता बाहेर यावे. ही परीक्षा घरातल्या बायकांना देऊ नये. निकाल आधीच ठाऊक असतो.

सामानाचे नियम मोजके आहेत. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे आणि खवा घरीच राहतो. शेंगाचटणीला बंदी नाही, आणि त्यामुळे मोहीम शक्य होते. मंगळवेढ्याच्या मालदांडीची कडक भाकरी भरपूर घ्यावी. ती विमानात मोडते, पण मोडल्यावरही ती कडक भाकरीच असते. तिथे राईचा काळा, आंबूस, जड पाव खातात आणि त्याच्या चकत्यांवर नाना गोष्टी रचतात. त्यातल्या बहुतेक गोष्टी पूर्वी पोहत होत्या. पाव तेवढा घ्यावा, वर शेंगाचटणी पसरावी, दही तिथलेच आणावे. दोन संस्कृतींचा मिलाफ याहून स्वस्तात होत नाही.

सोलापुरी चादर न्यायची की नाही, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत स्पष्ट आहे : न्यायची. डेन्मार्कमध्ये जोडप्याला पलंग एक देतात, पण पांघरुणे दोन देतात; ज्याचे त्याने घ्यावे आणि झोपावे. रात्री कोणी कोणाचे ओढत नाही. लग्नाला तीस-पस्तीस वर्षे झालेल्या माणसाला या व्यवस्थेत काहीतरी बिनसले आहे असे वाटत राहते. अशा वेळी भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर दोघांत एक पसरावी आणि नेहमीप्रमाणे भांडावे.

विमानतळावरून शहरात मेट्रो जाते. ती २००२ साली सुरू झाली आणि तिला ड्रायव्हर नाही. स्टेशनवर शिरताना फाटक नाही, तिकीट दाखवा म्हणणारा शिपाईही नाही. तिकीट काढले आहे असे धरून चालतात. इथे दोन प्रकारचे सोलापूरकर आढळतात. एकाला वाटते, मग काढायचे कशाला? त्याला सांगावे की तपासनीस कधीतरी येतोच आणि दंड भक्कम असतो. दुसऱ्याने तिकीट काढलेले असते आणि ते कोणीच पाहिले नाही म्हणून त्याचा जीव तळमळतो. त्याने ते हातात उघडे धरून बसावे. कोणी पाहणार नाही, पण मनाला बरे वाटते. पहिल्या डब्यात सर्वांत पुढे बसलात तर समोरच्या काचेतून बोगदा दिसतो. ती जागा लहान मुलांची असते, आजोबांनी ती पकडल्यास कोणी हटकत नाही.

रस्त्यावर सायकलींपासून सांभाळावे. शहरात मोटारींपेक्षा सायकली जास्त आहेत, त्यांचा वेगळा पट्टा आहे आणि तो पट्टा गप्पा मारायला सोयीचा दिसतो. तिथे उभे राहू नये. डॅनिश माणूस शांत असतो हा समज त्या पट्ट्यावर उभे असेपर्यंतच टिकतो. तसेच पादचाऱ्यांचा सिग्नल लाल असेल आणि दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत एकही वाहन नसेल, तरी लोक उभे राहतात. आपणही राहावे. सात रस्त्यावर हयात गेलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटते, पण तेवढ्या वेळात मागच्या इमारती पाहून होतात.

कॅफेच्या बाहेर बाबागाड्या दिसतील. आत झोपलेले मूल असेल आणि जवळ कोणी नसेल. हे बेवारस मूल नव्हे. आई आत कॉफी पीत असते. मोकळ्या हवेत मूल चांगले झोपते अशी तिथली समजूत आहे. एका डॅनिश आईने १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये हेच केले तर पोलिसांनी तिला अटक केली होती. कोपनहेगनमध्ये मात्र अटकेचा संभव मुलाजवळ जाऊन ‘कुणाचं लेकरू हाय हे?’ असे मोठ्याने विचारणाऱ्याला अधिक. घरातल्या आजीला या ठिकाणाहून धरून पुढे न्यावे. ती वळून वळून पाहील. पाहू द्यावे.

आता स्थलदर्शन. जलपरी पाहावीच लागते, म्हणून लवकर उरकावी. एडवर्ड एरिक्सनने घडवलेला हा पुतळा १९१३ सालचा असून उंची सव्वा मीटर आहे. ‘एवढीच?’ हा प्रश्न प्रत्येक भारतीयाच्या तोंडी येतो. तो मनात विचारावा. तिचे डोके १९६४ साली आणि पुन्हा १९९८ साली कापून नेले होते, ही माहिती फोटो काढताना सांगितल्यास वेळ बरा जातो. न्यूहाव्नच्या रंगीत घरांपुढेही फोटो काढावा. ६७ क्रमांकाच्या घरात गोष्टीकार अँडरसन सुमारे वीस वर्षे राहत होता. तिथल्या खुर्च्यांवर मात्र बसू नये. त्या कोणाच्या तरी हॉटेलच्या असतात आणि साध्या कॉफीला चाळीसेक क्रोन पडतात.

टिव्होलीला भरपूर वेळ द्यावा. १८४३ साली १५ ऑगस्टला उघडलेली ही बाग म्हणजे शहराच्या मधोमध, स्टेशनला लागून मांडलेली जत्राच. फरक इतकाच की आपली गड्ड्याची जत्रा जानेवारीत होम मैदानावर भरते आणि उठते, ही उठतच नाही, हंगामापुरती मिटते आणि पुन्हा उघडते. संस्थापक कार्स्टेन्सनने राजाला पटवले होते म्हणे की लोक करमणुकीत दंग असले की राजकारणाचा विचार करत नाहीत. हा माणूस सोलापूरच्या जत्रेत आला नव्हता हे उघड आहे. आपल्याकडे पाळण्यात बसूनही वॉर्डाचे तिकीट कोणाला, यावर चर्चा होते. तिथे १९१४ सालचा एक लाकडी रोलर कोस्टर अजून धावतो. त्याचा ब्रेक मारायला माणूस गाडीतच बसलेला असतो. बिनड्रायव्हरच्या मेट्रोने धास्तावलेल्यांनी त्याला पाहून घ्यावे. प्रवेशाचे तिकीट वेगळे, पाळण्यांचे वेगळे, आणि घासाघीस दोन्हीत नाही.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी गोल मनोरा खास. १६४२ साली पुरा झालेल्या या मनोऱ्याला माथ्याजवळच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर जिनाच नाही. आतून वळत वळत चढणारा रुंद उतार आहे. रशियाचा पीटर द ग्रेट १७१६ साली घोड्यावरून वर गेला होता. आपण चालत जावे, घोड्याची चौकशी करू नये. मनोरा बांधणारा राजा चौथा क्रिश्चन आपल्याला अगदीच परका नाही. त्याच्या जहाजांनी १६२० साली तंजावरच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला ठाण मांडले आणि किल्ला उठवला. तंजावरच्या राजाला त्या जागेबद्दल सालाबादप्रमाणे खंडणी द्यायचे ठरले होते. पुढे एकोजीराजांनी तंजावर घेतले, म्हणजे देणे मराठ्यांकडे आले. डॅनिशांनी १८४५ साली ते ठाणे इंग्रजांना विकून टाकले. ‘तुम्ही आमचे भाडेकरू होता’ हे मनोऱ्याच्या माथ्यावर उभे राहून, शहराकडे पाहत म्हणायला हरकत नाही. मराठीत म्हणावे.

श्रावणी सोमवार हा स्वतंत्र विषय आहे. सोलापुरात सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन दिवेलागणीला उपास सोडायचा, यात शंकेला जागा नाही. कोपनहेगनला या दिवसांत सूर्य आठ-सव्वाआठला मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. साबुदाण्याची खिचडी सकाळीच संपलेली असते. सहाच्या सुमाराला घरातले वातावरण तापू लागते. यावर शास्त्रार्थ असा : उपास आपला, देव आपला, तेव्हा वेळही आपलीच धरावी. सोलापुरात संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा तिथे दुपारचे साडेतीन झालेले असतात. घरी फोन लावावा, दिवा लावला का ते विचारावे, ‘व्हय, लावला की’ असे ऐकू आले की पानावर बसावे. हा फोन घरातूनच करावा. तिथल्या लांबच्या गाड्यांत शांततेचे वेगळे डबे असतात. अशा डब्यातून सोलापूरला फोन लावला तर तो फोनशिवायही पोचेल इतक्या आवाजात बोलले जाते.

पाण्याने पहिली रात्र जाते. नळ उघडला की पाणी येते. बंद करून तासाभराने उघडला, तरी येते. मध्यरात्री उठून पाहिले, तरी तेच. चार-पाच दिवसांआड उजनीच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या गृहिणीचा यावर विश्वास बसायला वेळ लागतो. तोवर घरातली सगळी पातेली, कॉफीचे मग आणि एक फुलदाणी भरलेली असते. मुलाने आईला हसू नये. हे भूजल आहे, नळाचेच पितात, क्लोरीनचा वास येत नाही, हे बापाने वर्तमानपत्र वाचल्यासारखे सांगावे. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत. घेतल्याच तर रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत घालावी. आकाराप्रमाणे एक ते तीन क्रोन सुटतात. हे कळल्यावर काही बाप रोज सकाळी लांब फिरायला जाऊ लागतात. सून कामावर असलेल्या भागात ही पदयात्रा काढू नये.

बंदराच्या पाण्यात लोक पोहतात. इस्लँड्स ब्रुगे इथे २००२ पासून त्यासाठी लाकडी फलाट बांधलेला आहे. पोहून आलेले स्त्री-पुरुष फलाटावर उन्हात पडलेले असतात. आपण पलीकडच्या काठावरच्या इमारतींचे निरीक्षण करावे. त्या मजबूत दिसतात.

एक दिवस माल्मोला काढावा. सन २००० साली खुल्या झालेल्या पुलावरून गाडी अर्ध्या-पाऊण तासात समुद्र ओलांडून स्वीडनमध्ये पोचते. तिथे पाहण्यासारखे आहे, पण ते पाहिले नाही तरी चालते. चौकात उभे राहून फोटो काढला की एका तिकिटात दोन देश होतात. अक्कलकोट ओलांडून कर्नाटकात जाऊन येणाऱ्याला सीमेचे कौतुक नसते. भाषेची भीती तर मुळीच बाळगू नये. एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकत वाढलेल्याला डॅनिश फक्त सर्दी झालेली वाटते. शिवाय तिथे सगळ्यांना इंग्रजी येते. पत्ता विचारला तर माणूस थांबतो, नीट समजावतो, नकाशा काढून दाखवतो. मग निघून जातो. तुम्ही कुठले, किती दिवस आलात, मुलगा काय करतो, पगार किती, सून कुठली, यांपैकी काही नाही. त्याने ते विचारावे म्हणून रेंगाळू नये.

परतीच्या प्रवासात निळ्या डब्यातली लोण्याची बिस्किटे प्रत्येकाच्या नावाची घ्यावीत, कारण सिद्धेश्वर एक्सप्रेसमधून उतरल्यापासून आठवडाभराचे थकलेले प्रश्न एकदम वसूल होतात. रिक्षावाला विचारतो, दूधवाला विचारतो, समोरच्या काकू जिन्यातच विचारतात. बाकी सगळ्याला मोकळेपणाने उत्तरे द्यावीत. ‘एकूण किती गेले?’ हा प्रश्न आला की मात्र आकडा क्रोनमध्ये सांगावा. एक क्रोन म्हणजे १३-१४ रुपये, हे पुष्कळांना माहीत नसते आणि ऐकणाऱ्याला सहल परवडण्यासारखी वाटते. गल्लीत एखादा बँकेतून निवृत्त झालेला असेल, तर तो आला की ‘सगळं पोरानंच केलं की’ असे म्हणून बिस्किटांचा डबा पुढे करावा.