धडाडीचे पुढारी व्हा : नवशिक्यांसाठी

साहित्य : बाह्या दुमडता येतील असा एक पांढरा शर्ट, हात उंचावलेला एक फोटो आणि एक फ्लेक्स. फ्लेक्सच्या खालच्या रांगेत शुभेच्छुकांची किमान वीस तोंडं हवीत. ‘धडाडीचे’ हे विशेषण फ्लेक्सवाल्याकडे तयारच असतं, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. एवढ्यावर नाशिकच्या मुंबई नाक्यापासून सीबीएसपर्यंत तुमचं धाडस दिसू लागेल. बहुतेकांचं शिक्षण इथे पूर्ण होतं.

ज्यांची हौस अजून फिटलेली नाही, त्यांनी पंचवटीत यावं. रिक्षाने या, गाडी लावायला जागा मिळणार नाही.

पायरी पहिली. काळाराम मंदिराच्या दारात उभे राहा. आत जाऊ नका. तुम्हाला दर्शन सहज मिळेल, आणि मग धडा तिथेच संपेल. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष मंदिरप्रवेशासाठी मोर्चाने इथवर आले, तेव्हा दरवाजे बंद होते. मोर्चा वळून गोदावरीच्या घाटावर गेला, तिथे सभा झाली. नवशिके इथे हमखास विचारतात, एवढी माणसं होती तर दार मोडलं का नाही? त्यांनी घरी एक सराव करावा. मागे हजारोंची गर्दी, समोर बंद दार, बाजूला पोलीस, आणि आपण म्हणायचं, ‘बसा.’ जमलं तर पुढे जा. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ बायकांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांशी जाऊन सत्याग्रहाला बसली.

पायरी दुसरी, दगड. एप्रिलमधल्या रथोत्सवात सवर्ण आणि अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा, असं ठरलं होतं. ठरलेलं पाळलं गेलं नाही, दगडफेक झाली. या पायरीला फार समजावणं लागत नाही. दगड आपली शिकवणी आपणच घेतात.

तिसरी पायरी मात्र लांब आहे, पाण्याची बाटली ठेवा. उद्या परत यायचं. परवाही. १९३०च्या अखेरीस बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. नाशिकचा भार होता सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड यांच्यावर. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव सत्याग्रह सुरू झाला तेव्हा २७ वर्षांचे होते. लोक त्यांना पुढे दादासाहेब म्हणू लागले. सत्याग्रहींना तुरुंग होताच, पण खरी वसुली खेड्यांत चालली होती. कुठे वाट अडवली, कुठे शाळेचं दार लावलं, कुठे दुकानदाराने माल देणं बंद केलं. स्वतःच्या डोक्यावर दगड घेणं त्या मानाने सोपं. आपल्या शब्दावर विसंबलेल्या माणसाच्या घरी मीठ मिळेनासं झालंय, आणि तरी त्याला ‘उद्या ये’ म्हणायचं, हे कुठल्या शिबिरात शिकवतात ते मला सापडलेलं नाही.

चौथी पायरी वाचून पुष्कळ विद्यार्थी फी परत मागतात. थांबायचं. ३ मार्च १९३४ रोजी, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाने, बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्रातून कळवलं, की मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हती. लोकांना जागं करण्याचा तो मार्ग होता. आता ताकद शिक्षणात आणि राजकारणात लावायची. दार बंदच असताना आपल्याच माणसांना हे सांगायचं, म्हणजे ‘माघार घेतली’ हा शेरा आपल्या हाताने ओढवून घेणं. दगड शत्रूचे असतात, शेरा घरचा असतो. १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि दाराचा प्रश्नच मागे पडला.

परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही. १९५७ला दादासाहेब नाशिकमधून लोकसभेत गेले. दोन वर्षांनी ते पुन्हा सत्याग्रहात होते, या वेळी भूमिहीनांच्या जमिनीसाठी.