पोटापाण्याची फेलोशिप

एमबीबीएस केईएमला, बीजेला नाहीतर नागपूरच्या जीएमसीला झालं. यूएसएमएलईच्या परीक्षा पार पडल्या. मिशिगन किंवा न्यू जर्सीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सीही मिळाली. घरी पेढे वाटून झाले आणि एकदाचं गंगेत घोडं न्हालं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यांना तसं वाटू द्या. हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे, कारण तुमच्या मनात गॅस्ट्रोएंटरॉलॉजीची फेलोशिप भरली आहे आणि ती मागायला गेलेल्या साधारण तिघांतला एक जण दर वर्षी हात हलवत परत येतो.

आधी वेळेचं गणित मांडू. रेसिडेन्सी तीन वर्षांची असली तरी फेलोशिपचा अर्ज तिसरं वर्ष लागता लागता, जुलैत जातो. म्हणजे काही करून दाखवायला हातात दोनच वर्षं. त्यातलं पहिलं, पेजर का वाजतोय, लिफ्ट कुठे आहे आणि टायलेनॉल म्हणजे आपली क्रोसिनच, हे उमजण्यात जातं. तेव्हा गॅस्ट्रोची ओढ तुम्हाला पहिल्याच जुलैत लागलेली बरी. लागली नसेल तर ती लागली होती, असं नंतर लिहावं लागतं आणि ते जास्त कष्टाचं काम आहे.

ओढ लागण्याची कारणं सगळ्यांना ठाऊक असतात. हातात स्कोप येतो, वाहतं रक्त डोळ्यांदेखत थांबवता येतं आणि पैसे जनरल मेडिसिनपेक्षा बरेच जास्त मिळतात. पहिली दोन कारणं मोठ्यानं सांगायची. तिसरं सांगायची गरज नसते, समोरचाही त्याच वाटेनं आलेला असतो.

आता संशोधन. दचकू नका. नवशिक्याच्या संशोधनाला केस रिपोर्ट म्हणतात आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, एक पेशंट लागतो. रात्री अडीचला इमर्जन्सीतून फोन येतो: एकानं टूथब्रश गिळलाय. साधा डॉक्टर ‘अरेरे’ म्हणेल. तुम्ही म्हणायचं, ‘स्कोपचे फोटो सेव्ह करा.’ सकाळी ब्रश बाहेर निघेपर्यंत त्यावर आणखी दोन रेसिडेंटांनी हक्क सांगितलेला असतो. पहिलं नाव कुणाचं यावरून कुजबुज होते, शेवटचं नाव ज्येष्ठ अटेंडिंगचं, त्यावर मात्र कधीच वाद नसतो. पेशंटची लेखी संमती तो वॉर्डात असतानाच घ्या. एकदा घरी गेला की त्या ब्रशबद्दल त्याला कुणाशीच बोलायचं नसतं.

या ब्रशचं पुढे पोस्टर होतं. एसीजी या गॅस्ट्रोवाल्यांच्या संघटनेचं अधिवेशन ऑक्टोबरात असतं, डीडीडब्ल्यू हे त्यांचं दुसरं मोठं संमेलन मे महिन्यात. तुमच्या अर्जाआधीचा शेवटचा डीडीडब्ल्यू दुसऱ्या वर्षाच्या मेमध्ये येतो आणि त्याची दारं आदल्या डिसेंबरच्या सुमारास बंद होतात, म्हणजे पेशंटनं जे काही गिळायचं ते दिवाळीच्या आत गिळलेलं बरं. शीर्षकात ‘दुर्मीळ’ हवंच. एसीजीच्या हॉलमध्ये हजारो दुर्मीळ आजार ओळीनं टाचलेले असतात. आपल्या आजारापाशी सूट घालून तासभर उभं राहायचं. येणारे बहुतेक जण आपलं पोस्टर कुठे लागलंय ते शोधत असतात. पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून बॅगेत मावतं. परत आल्यावर आईला दिलंत तर ती मिक्सरवर घालते.

शिफारसपत्रं एका प्रोग्रॅमला चारपर्यंत पाठवता येतात. एक तुमच्या प्रोग्रॅम डायरेक्टरचं, बाकीची शक्यतो गॅस्ट्रोवाल्यांची. पत्र वाचण्याचा आपला हक्क तुम्ही आधीच सोडून द्यायचा असतो. न सोडलेल्याच्या पत्रावर कुणी विश्वास ठेवत नाही. ही पत्रं वाचायची रीत वेगळी आहे. अमेरिकेत प्रत्येक उमेदवार उत्कृष्ट असतो, त्यामुळे ‘उत्कृष्ट’ला काही किंमत उरत नाही. ‘वेळेवर येतो, कामसू आहे’ एवढंच लिहिलं असेल तर तुमचा निकाल लागला म्हणून समजा. म्हणून सरांना ‘पत्र द्याल का?’ असं विचारू नका, ‘जोरदार पत्र देता येईल का?’ असं विचारा. उत्तर यायला क्षणभर जरी उशीर झाला तरी आभार मानून दुसरे सर गाठा.

पर्सनल स्टेटमेंट एका पानाचं असतं आणि त्यात घरातल्या कुणाचं तरी पोट बिघडलेलं लागतं. बहुतेकांचे आजोबा कामी येतात. त्यांचं दुखणं खरं असेल तर जरूर लिहा, पण त्यांच्या खाटेशी बसलेले असताना, वयाच्या नवव्या वर्षी तुम्हाला पोर्टल हायपरटेन्शनमध्ये रस वाटू लागला, असं नको. वाचणाऱ्यानं त्या दिवशी असे अनेक आजोबा वाचलेले असतात.

छंदांच्या रकान्याला मात्र हलक्यात घेऊ नका, इंटरव्ह्यूत तोच सर्वांत जास्त वाचला जातो. मराठी माणूस इथे हटकून ‘ट्रेकिंग’ लिहितो. लिहा, पण समोर कोण बसलाय ते बघून बोला. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर सर केल्याचं तुम्ही अभिमानानं सांगता. समोरचा डेन्व्हरचा असतो, तो कौतुकानं उंची विचारतो. कळसूबाई 1646 मीटर. डेन्व्हर हे अख्खं शहर, त्याच्या घराच्या पार्किंगसकट, 1609 मीटरवर वसलेलं आहे. शिड्यांचं आणि पावसातल्या निसरड्या वाटेचं वर्णन लगेच सुरू करा.

अर्ज किती करायचे? देशात गॅस्ट्रोचे प्रोग्रॅम दोनशेच्या वर आहेत आणि पैसे प्रत्येक अर्जामागे, शिवाय आकडा वाढेल तसा दरही चढतो. सगळे जण म्हणतात की इतके अर्ज करू नयेत, आणि सगळे जण तितकेच करतात. तुम्हीही कराल. एवढंच बघा की ज्यांना तुमचा व्हिसा चालत नाही त्यांना आधीच गाळा. काही ठिकाणी फक्त जे-1 चालतो, एच-1बी नाही. हे त्यांच्या वेबसाइटवर तळाशी बारीक अक्षरांत असतं आणि फी परत मिळत नाही.

इंटरव्ह्यू 2020 पासून बहुतेक व्हिडिओवरच होतात. विमानाचं भाडं वाचलं, भिंत मात्र महाग झाली. मागे काय दिसतं यावर लोक आठवडे घालवतात. पुस्तकं असावीत, देव्हारा नसावा अशी एक शाळा आहे. मला विचाराल तर देव्हारा राहू द्या, कपड्यांचं वाळत घालायचं स्टँड तेवढं हलवा. वर कोट-टाय आणि खाली पायजमा चालतो, पण मग मध्येच दार लावायला उठायचं नाही. ‘गॅस्ट्रोच का?’ हा प्रश्न एका दिवसात पाचसहा वेळा येतो आणि दर वेळी उत्तर आत्ताच सुचल्यासारखं द्यायचं असतं. ‘आमच्याकडेच का?’ याचं खरं उत्तर ‘तुम्ही बोलावलंत म्हणून’ हे असतं. ते गिळा.

लग्न झालंय का, मुलं किती, असं विचारायला त्यांना मॅचच्या, म्हणजे दोन्हीकडच्या पसंतीच्या याद्या संगणकावर जुळवून जागा वाटणाऱ्या व्यवस्थेच्या, नियमांनी मनाई आहे. ही मनाई तुमच्या मावशीला लागू नाही. ‘तिशी उलटली, अजून शिकतोच का रे?’ हा तिचा प्रश्न वैध आहे. तुम्ही आम्हाला यादीत कितवं टाकणार, आणखी कुठे कुठे अर्ज केलेत, हेही प्रोग्रॅमांना विचारता येत नाही. पण तुम्ही आपणहून सांगितलंत तर त्यांचे कान बंद नसतात. यातून इंटरव्ह्यूनंतरच्या पत्रांचा उद्योग निघाला आहे. ‘आपला प्रोग्रॅम मला फार भावला’ हे सगळ्यांना लिहितात. ‘तुम्हीच माझा पहिला नंबर’ हे एकालाच लिहायचं असतं. चौघांना लिहिणारेही आहेत. गॅस्ट्रोचं जग लहान आहे, आणि ते चौघे मे महिन्यात एकाच टेबलावर जेवायला बसतात.

इथपर्यंत तुम्ही सगळीकडे थोडाफार अभिनय केलात. आता नोव्हेंबरात क्रमवारीची यादी भरायची आहे आणि या सगळ्या प्रवासात खरं बोलणं हिशेबानंच फायद्याचं ठरतं अशी ही एकमेव जागा. पण नेमके इथेच लोक हुशारी करतात. ‘मेयोवाले मला कशाला घेतील, उगाच पहिला नंबर वाया का घालवू?’ असं म्हणून ते नावडता प्रोग्रॅम वर सरकवतात.

हे का चुकतं ते समजून घ्या. 1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच कॉलेजप्रवेश आणि लग्नाचं स्थैर्य एकत्र नांदत होते. त्यांची रीत आपल्याला कळायला जड नाही. प्रत्येक मुलगा आपल्या यादीतल्या पहिल्या मुलीकडे जातो. मुलीकडचे ठाम होकार देत नाहीत, त्यातल्या त्यात बऱ्याला ‘थांबा, बघू’ म्हणून बसवून ठेवतात. त्याहून सरस कुणी आला की बसलेल्याला उठवतात, आणि तो पोहे अर्धे टाकून यादीतल्या दुसऱ्या दारी जातो. तिथे तो उशिरा पोहोचला म्हणून कुणी त्याला कमी लेखत नाही. सगळी दारं फिरून झाली की जो जिथे बसला असेल तिथे पक्का. अमेरिकेतली रेसिडेन्सीची मॅच 1952 पासून चालू आहे. अर्जदाराच्या बाजूनं सुरू होणारी आजची पद्धत ॲल्विन रॉथ आणि इलियट पेरान्सन यांनी बसवून दिली, ती 1998 पासून लागू झाली. रॉथ आणि शॅपली यांना 2012 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तात्पर्य, मेयोला पहिलं टाकून तिथून उठवलं गेलात तरी दुसऱ्या दारी तुमची किंमत तसूभर कमी होत नाही.

हे पटत नसेल तर गॅस्ट्रोवाल्यांचाच इतिहास बघा. त्यांनी ही मॅच एकदा मोडून पाहिली आहे. 1996 च्या सुमारास प्रशिक्षण दोनाचं तीन वर्षांचं झालं, जागा कमी करायचं ठरलं, पण जागांपेक्षा उमेदवारच जास्त आटले. घाबरलेल्या प्रोग्रॅमांनी मॅचबाहेर परस्पर ऑफर द्यायला सुरुवात केली आणि दशक संपेपर्यंत मॅच बंद पडली. मग ऑफर अधिकाधिक लवकर येऊ लागल्या, विचार करायला जेमतेम काही दिवस. बाकीचे इंटरव्ह्यू देण्याआधीच हो म्हणायचं. रॉथ आणि म्युरिएल नीडर्ली यांनी हा गोंधळ तपासला तेव्हा दिसलं, की मॅच नसताना फेलो आपल्याच हॉस्पिटलात चिकटून राहण्याचं प्रमाण वाढलं होतं. 2006 मध्ये मॅच परत आणताना एक चलाख नियम केला गेला: मॅचच्या आधी घाईत स्वीकारलेली ऑफर उमेदवाराला मोडता येईल. असा होकार हाती घेऊन कुणाला काय उपयोग? ऑफर थांबल्या.

तेव्हा यादी आपल्या मनाप्रमाणे लावा आणि ‘सर्टिफाय’चं बटण दाबा. सर्टिफाय न केलेली यादी संगणकाच्या लेखी नसतेच. जिथे जायचंच नाही ते नाव यादीत घालू नका, कारण निकाल बंधनकारक असतो आणि पाठ फिरवणाऱ्याला पुढच्या मॅचला मुकावं लागू शकतं.

निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला, दुपारी बाराला न्यू यॉर्कच्या वेळेनं लागतो. तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि आई जागी असते. जागा मिळाली तर तीन वर्षं आणखी. जे-1 वाल्यांना एकूण सात वर्षांची मर्यादा असते, त्यात रेसिडेन्सीची तीन आणि गॅस्ट्रोची तीन नीट बसतात. त्यानंतर दोन वर्षं भारतात परतायचं, किंवा कॉनरॅड-30 सारखी सूट मिळवून डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करायची. एका राज्याला वर्षाला अशा तीसच जागा असतात, त्यांच्यासाठी पुन्हा अर्ज.

नाही मिळाली तर हॉस्पिटलिस्टची नोकरी धरून पुढच्या जुलैत पुन्हा अर्ज करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या अनेकांना मिळते. नेफ्रॉलॉजीत दर वर्षी जागा रिकाम्या राहतात, पण तो सल्ला त्या दिवशी कुणालाच देऊ नका.

मिळो न मिळो, एक काम त्याच दिवशी करा. ज्यांनी तुमच्यासाठी पत्रं लिहिली त्या प्रत्येकाला निकाल कळवा. पुढच्या वर्षी तुमच्याच हॉस्पिटलातलं कुणीतरी ‘जोरदार पत्र देता येईल का?’ असं विचारत त्यांच्याच दाराशी जाणार आहे.