मिठाला जागणारा माणूस

खाडीकाठी राहून समुद्र विकत आणणारा माणूस पाहायचा असेल, तर तळवलीला या. घणसोलीला खेटलेल्या या गावठाणात अंगणं संपून इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या एखाद्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून रात्री निळाजांभळा उजेड दिसला, तर नवख्या माणसाला तिथे बार असल्याचा भास होतो. बार नसतो, तिथे रीफवाला राहतो, म्हणजे घरात खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी पाळणारा.

याच्या पणजोबांची पिढी भात, मासळी आणि मीठ यांवर जगली. हा बादलीतून मीठ विकत घेतो, तेही परदेशी. एका लिटरला पस्तीस ग्रॅम हा त्याचा जपमंत्र. दोन फुटी टाकीत शंभर लिटर पाणी, म्हणजे साडेतीन किलो मीठ. शिवाय आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं, की पुन्हा साडेतीनशे ग्रॅम. मीठ कालवायचं तेही आरओच्या पाण्यात. ते पाणी घरात माणसांना मिळतं, पण टाकीचं भरून उरलं तर.

“खारी हतंच हाय ना रं, हंडा भरून आन,” आजी म्हणते. मग तो खुर्ची ओढून समजावायला बसतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, नाले, गाळ, आणि पावसाळ्यात खाडीच्या पाण्याचा उतरणारा खारटपणा. त्यात टाकीत येणार होता अर्चिन, समुद्रातला काटेरी गोळा, आणि त्याच्या अख्ख्या कंटकचर्मी कुळात गोड्या पाण्यात राहणारी एकही जात नाही. निवटी राहील, चिंबोरी राहील, रोहित पक्षी तर हौसेने येतात, पण अर्चिनला हे चालायचं नाही. आजीचं म्हणणं एवढंच, की ज्याला पाऊस सोसत नाही त्याने पावसाळ्यात पाहुणा म्हणून येऊ नये.

पाहुणा आला तो पिशवीतून, आणि आल्या आल्या त्याला सलाईन लागलं. अर्चिनच्या अंगातलं पाणी जवळजवळ बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं आणि बाहेर एकदम फरक पडला तर ते त्याला सावरता येत नाही. म्हणून टाकीचं पाणी थेंबथेंब त्याच्या भांड्यात सोडावं लागतं. सलाईनची नळी लटकलेली पाहून शेजारच्या काकू चौकशीला आल्या. “कोण आजारी आहे?” वहिनींनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

प्राणी मात्र देखणा. निळे पट्टे, मधे काटे, कदंबाच्या फुलाएवढा. तोंड खाली, मागचं दार वर. ही माहिती रीफवाला पाहुण्यांना नेमकी चहा-पोह्यांच्या वेळी देतो. तोंडात पाच दात, जन्मभर वाढणारे; त्या यंत्राला ‘अॅरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात, हे तो अॅरिस्टॉटल घणसोलीच्या शाळेत शिकल्यासारखं सांगतो. मेंदू नाही. मज्जातंतूंचं एक कडं आणि शेकडो नळीपाय, बस. माझ्या मते त्या घरातले सगळे निर्णय घेण्याइतकं हे पुरेसं आहे.

आणला होता शेवाळ खायला. टाकीला शेवाळाचं ग्रहण लागलं होतं आणि दुकानदाराने हाच उतारा सांगितला. अर्चिनने काम चोख केलं. पंधरवड्यात काच लख्ख, दगड लख्ख. मग त्याच्या पोटाची चिंता सुरू झाली, कारण उपाशी अर्चिन काटे गाळू लागतो. आता मॉलमधून जपानी नोरी येते, म्हणजे वाळवलेलं शेवाळच. फुकटचं शेवाळ संपवायला आणलेल्या गड्याला विकतचं शेवाळ घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

या जातीच्या अर्चिनला डोक्यावर काहीबाही घेऊन हिंडायची खोड असते. शिंपला, खडा, जे हाती लागेल ते. कायद्याने दगडी प्रवाळाला वाघाच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत बसवलेलं असल्याने रीफवाला मऊ प्रवाळांवर भागवतो. त्यातलाच एक तुकडा त्याने रात्री डिंकाने दगडावर नीट बसवला. सकाळी अर्चिन तोच डोक्यावर घेऊन फिल्टरच्या बाजूला निघाला होता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. इथे व्हिडिओ काढला गेला.

तांब्याशी मात्र रीफवाल्याचं उभं वैर. तांबं बिनकण्याच्या प्राण्यांना विष, हे खरंच आहे. पण म्हणून आईचा पूजेचा कलश स्वयंपाकघराबाहेर यायचा नाही, आणि भाच्याने तांब्याची अंगठी काढल्याशिवाय टाकीजवळ फिरकायचं नाही. धूप, अगरबत्ती, डासांची कॉइलही हद्दपार. डास मात्र राहिले.

१९८३ म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यांसमोर लॉर्ड्सवरचा कपिलदेव येतो. हा गंभीर होतो. त्याच वर्षी पनामाजवळून एक रोग सुटला आणि वर्षभरात कॅरिबियनमधले लांबकाट्यांचे अर्चिन नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. चरणारं कुणी उरलं नाही, प्रवाळांवर शेवाळ माजलं, ती बेटं आजही पुरती सावरलेली नाहीत. “वेस्ट इंडीज त्या वर्षी खरी हरली ती तिथे,” तो म्हणतो आणि नोरीचा तुकडा पाण्यात सोडतो. हे एकदा हळदीच्या मांडवात, डीजेच्या आवाजावर ओरडून सांगत होता. समोरचा मामा म्हणाला, “वेंगसरकर खेळला व्हता का त्या म्याचला?”

लाईट गेली, की इन्व्हर्टर टाकीचा आणि पुठ्ठ्याचे पंखे माणसांचे, हा घरचा नियम.

चैत्रात सगळे एकवीरेला कार्ल्याला निघाले. आजीचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरी, आणि टाकी तिच्या हवाली. उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त आरओचं पाणी घालायचं, मिठाला हात लावायचा नाही, कारण वाफेबरोबर मीठ उडत नाही. गडाच्या पायऱ्या चढताना त्याने इतके फोन केले, की आजीने शेवटी उचलणंच सोडलं.

रात्री परतल्यावर चपला न काढता तो टाकीपाशी धावला. पाण्याची पातळी बरोबर, खारटपणा बरोबर, तापमान सव्वीस. फक्त अर्चिनच्या डोक्यावर हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता.

“आजी! हे काय घातलंस याला?”

“सकालपासना ढुंडत व्हता डोईवर घ्यायला,” आजी म्हणाली. “तुजा प्रवाल नेईल, त्यापेक्षा माजी फुटकी बांगडी बरी.”