सोसायटीच्या बागेतले रूळ

बागेत धावणारी मॉडेल रेल्वे म्हणजे ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांचा खेळ. अगदी आवळलेल्या वळणालाही सव्वा मीटरचं वर्तुळ लागतं. ठाण्यात माजिवड्याच्या टॉवरात तेवढी बाल्कनी असते. पण तिथे वॉशिंग मशीन, तुळस आणि एसीचा बाहेरचा डबा आधीच विराजमान. सोसायटीच्या हिरवळीवर पाय ठेवायलाही कमिटीचा ठराव लागतो. (गाडीला पाय नसतात, हा मुद्दा सर्वसाधारण सभेत टिकत नाही.)

कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ साली छोट्या रेल्वेचं आख्खं संग्रहालय उघडलं. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे आली, त्या ठाण्यातला हौशी माणूस मात्र नाक्यावर वाहतुकीत अडकून वर्षानुवर्षं मेट्रोचे खांब पाहत आला. मॉडेलच ते, एकास एक प्रमाणाचं. गाडी तेवढी वेगळी मागवायची.